अकरा मळकी खापरं

चार हजार दोनशे सोळा खापरांमधून उकऱ्याने फक्त अकरा बाजूला काढली आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवली.

"आणि ही?" कस्तुरीने काचेच्या कपाटाकडे बोट केलं. "ही सगळी राहिली की!"

"ती पाहून झाली," उकऱ्या म्हणाला. "गावाचं वय त्यांच्यावरून सांगता येणार नाही. या अकरांवरून येईल."

कस्तुरीला वाटलं, झालं, यंत्र बिघडलं. कारण ती अकरा खापरं म्हणजे कपाटातला सगळ्यांत गचाळ माल होता. एका जुनाट पिशवीत, चिखलासकट, सगळ्यांत खालच्या खणात कोंबलेली. वरच्या खणांतली खापरं कशी लख्ख होती! लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेली, पुठ्ठ्यावर चिकटवलेली.

उकऱ्या हे त्याचं खरं नाव नव्हे. संग्रहालयाने आंबेसावळीच्या शाळेत पाठवलेला तो 'भूस्तरवाचक' (जमिनीचे थर वाचणारा यंत्रमानव) होता. गुडघ्याएवढा, सहा पायांचा. तो काहीच उकरत नसे, नुसता निरखून बघत असे, तरी पोरांनी नाव ठेवायचं ते ठेवलंच.

ते कपाट होतं कस्तुरीच्या आजोबांचं. उद्धवराव सानप गुरुजींनी या शाळेत तीस वर्षं शिकवलं. गावाबाहेर नदीकाठी पांढरीचं टेकाड आहे. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची माती, चुलींच्या राखेने पांढुरकी झालेली. आपल्या पायाखाली कोण राहून गेलं हे पोरांना कळावं, म्हणून गुरुजींनी दर दिवाळीच्या सुट्टीत 'खापर स्पर्धा' सुरू केली. जो सर्वांत जास्त आणि सर्वांत स्वच्छ खापरं आणेल, त्याचा पहिला नंबर. पोरं टेकाडावर तुटून पडत. तीस वर्षांत त्यांनी टेकाड तीन बाजूंनी कुरतडून टाकलं. फक्त पूर्वेचा कोपरा कुंपणात होता, म्हणून वाचला.

गुरुजींना जन्मभर एकच प्रश्न पडला होता: आपलं गाव किती जुनं? त्याचं उत्तर मिळावं म्हणूनच अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी संग्रहालयाला पत्रावर पत्रं धाडली आणि उकऱ्याला मागवून घेतलं. आणि आता हा सहा पायांचा पाहुणा त्यांच्या कपाटाकडे ढुंकूनही बघत नव्हता. कस्तुरीला आजोबांसाठी फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

"स्वच्छ खापरांचं तुला वावडं आहे का रे?" तिने विचारलं.

"बाहेर ये," उकऱ्या म्हणाला.

शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीचा रंग एका जागी उडाला होता. वर हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली पिवळा आणि अगदी आत पांढरा चुना.

"यात सर्वांत आधी काय लावलं?"

"चुना," कस्तुरी म्हणाली. "सर्वांत आत आहे ना तो. त्याच्यावर पिवळा, मग निळा. हिरवा तर मागच्या वर्षीच दिला, मला आठवतंय."

"याला थरक्रम म्हणतात (कोणता थर कोणाच्या वर आहे, ती ओळ). जमीन हलवली नसेल, तर खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. आता जमिनीवर बघ."

फरशीवर रंगाचा चुरा पडला होता. हिरवे, निळे, पिवळे कण एकमेकांत मिसळलेले.

"समज, तू ही भिंत कधी पाहिलीच नाहीस. फक्त हा चुरा तुला मिळाला, तोही धुऊन, रंगांप्रमाणे ओळीने मांडून. आधी कुठला रंग लावला?"

"आता कसं सांगणार?" कस्तुरी म्हणाली, आणि बोलता बोलता तिला सगळं समजलं. समजलं नसतं तर बरं झालं असतं, असंही तिला वाटून गेलं.

"खापर खोटं नसतं," उकऱ्या सांगू लागला. "त्याच्या घडणीवरून ते कोणत्या काळातलं, याचा ढोबळ अंदाज येतो. पण ते कुठे, किती खोल, कशाच्या शेजारी पडलं होतं, हा त्याचा संदर्भ. संदर्भ गेला की या गावात कोण आधी आलं, कोण नंतर, कोण काय खात होतं, हे सांगायला ते मुकं होतं. मडक्याच्या बुडाला करपलेलं अन्न चिकटून राहतं. ते घासलं की तेही गेलं."

"आम्ही चिंच लावून घासायचो," दारातून आवाज आला. गुरुजी केव्हापासून उभे होते कोण जाणे. "काथ्याने. मीच शिकवलं होतं."

उकऱ्याला खोटं बोलता येत नव्हतं आणि कस्तुरीला सुचत नव्हतं.

"त्या अकरांचं सांग," शेवटी गुरुजी म्हणाले.

उकऱ्याने पिशवीतली चिठ्ठी पुढे केली. वहीच्या पानावर बाळबोध अक्षरात लिहिलं होतं: 'सरपंचांच्या नव्या विहिरीत सापडली. सात हात खोल. राखेच्या काळ्या पट्ट्यात. सगळी एकाच जागी. रेणुका धोत्रे, इयत्ता चौथी.'

"हाच संदर्भ. शिवाय खापरांच्या चिखलात जवाचे जळालेले दाणे आहेत. जिवंत रोप हवेतून कार्बन घेतं. त्यातला थोडासा कार्बन अस्थिर असतो आणि रोप मेल्यावर ठरलेल्या गतीने कमी होत जातो. किती उरला हे मोजलं की किती वर्षं झाली ते कळतं. याला कार्बन कालमापन म्हणतात (काळ मोजण्याची रीत). मडकं कधी जिवंत नव्हतं, पण जव होता. दाणे आणि मडकं एकाच राखेत होते, म्हणून त्यांचा काळ एकच धरता येतो. मी मोजून पाहिलं: तो आहे सुमारे तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीचा."

जन्मभराचं उत्तर मिळालं होतं. एरवी गुरुजींनी गावभर पेढे वाटले असते. पण ते चिठ्ठीच्या तळाशी बघत होते. तिथे लाल शाईत त्यांचंच अक्षर होतं: 'अस्वच्छ काम. शून्य गुण.'

ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले. "फेकवेना म्हणून ठेवली," ते पुटपुटले. "किंमत कळली म्हणून नव्हे."

थोड्या वेळाने त्यांनी काठी मागितली. "कस्तुरी, चल. पूर्वेच्या कोपऱ्यावर जायचंय."

तिथे पुनर्भरण विहीर (पावसाचं पाणी जमिनीत मुरवणारी विहीर) खणायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र लागणार होतं, आणि टेकाडाचा तो शेवटचा धड तुकडाही दुपारपर्यंत संपणार होता. कामाची मिस्त्री होती रेणुका धोत्रेच. विहिरी खणणाऱ्या घरातली पोर, आता केस पिकू लागलेली. ती चुन्याने गोल आखत होती.

"गुरुजी! उन्हातान्हाचं कशाला आलात? निरोप धाडला असता तर मीच आले असते की."

"रेणुका, माझं चुकलं," गुरुजी म्हणाले आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.

तिने वाचली आणि ती मोठ्याने हसली. "अगं बया! चौथीतलं घेऊन बसलात व्हय?" मग तिचं हसू ओसरलं. "बाप सांगायचा, विहिरीत काय बी लागलं की आधी खोली सांगायची, मग वस्तू दाखवायची. म्हणून लिहिलं होतं. शून्य मिळालं तवा वाटलं, आपल्या घरचं शहाणपण शाळेत चालत नसतं."

"मग पुढे?"

"पुढं काय? बेचाळीस विहिरी खणल्या. नऊ तर ह्याच टेकाडाच्या कडेनं. चुली लागल्या, राखेचे पट्टे लागले. एकदा तोंडाला तोंड लावून ठेवलेली दोन मडकी लागली. आत लेकराची बारकी हाडं. हात जोडले अन् नदीकाठी पुरली." ती चुन्याच्या आखणीकडे बघत राहिली. "कुणाला दाखवायचं होतं, गुरुजी?"

गुरुजींचे डोळे भरून आले होते. आजोबांना असं कस्तुरीने कधी पाहिलं नव्हतं. तिला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून तीच पुढे झाली.

"रेणुकाताई, नऊ विहिरी गेल्या. पण ही अजून खणली नाही ना? यंत्राऐवजी हाताने खणली तर? आम्ही वर्गातली सगळी येऊ. उकऱ्या थर वाचेल. पण कुठे थांबायचं, कुठे हात हलका करायचा, ते त्याला नाही येत. तुम्हाला येतं."

रेणुकाने चुन्याचं घमेलं खाली ठेवलं. "उद्याचं यंत्र थांबवते, पण महिना जाईल," ती म्हणाली. "ग्रामसभेत बोलावं लागंल."

"मी बोलतो," गुरुजी म्हणाले. "चूक कुणाची, हेही सांगतो."

त्यांनी ते सगळ्या गावासमोर सांगितलं. अवघड गेलं, पण सांगितलं. ग्रामसभेने महिनाभराची मुदत दिली, शाळेने काम अभ्यासात धरलं आणि शनिवारी मोठ्यांनाही यायची मुभा दिली. ज्यांनी लहानपणी पहिले नंबर काढले होते ते बाप्येही खाली माना घालून आले.

पहिल्या दिवशी रेणुकाने सगळ्यांना ओळीने बसवलं. कागद, पेन्सिल, मोजपट्टी. गुरुजी पोरांमध्ये, शेवटून दुसरे. दुपारपर्यंत खड्डा हातभर खोल गेला. मातीच्या भिंतीत एका तांबड्या खापराची काळी नक्षी दिसू लागली. गुरुजींना राहवलं नाही. तीस वर्षांची सवय, ते वाकले आणि त्यांची बोटं खापराच्या कडेला भिडली.

"गुरुजी, हात मागं," रेणुका म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण खड्ड्यातले सगळे हात थांबले. "उपसायचं न्हाई. आधी लिहायचं."

गुरुजींनी हात मागे घेतला. मांडीवरचा कागद सरळ केला, पेन्सिल उचलली आणि चौथीतल्या पोरासारखं मान वर करून विचारलं, "काय लिहू, बाई?"

रेणुकाने पदराने तोंड पुसलं, मोजपट्टी भिंतीला लावली आणि सांगायला सुरुवात केली.