प्रेमराजच्या बीचवर जेवायला आलेली

आधीच सांगतो, ही घटना खरी आहे.

या पेजवर रोज पांढऱ्या साडीतल्या बाया आणि उलटे पाय येतात. ते मी दुकानात बसून वाचतो आणि लिहिणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार करतो. मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. पाचोऱ्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालं असेल तर जळालं, चालत असेल तर चालतं, एवढं साधं माझं डोकं आहे.

ती रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मार्गशीर्षातली भर दुपार होती, डोक्यावर ऊन होतं आणि आम्ही वीस-बावीस माणसं होतो.

तरी ते झालं.

माझा साडू प्रेमराज. जळगावला राहतो. आधी मोबाईलचं दुकान काढलं, ते बसलं. मग आरओचं पाणी, तेही बसलं. मग कुठलासा व्हिडिओ बघून साहेबांच्या डोक्यात आलं, की पर्यटन करायचं. जाहिरात काय, तर 'सातपुडा रेनफॉरेस्ट हाईक अँड बीच डे, विथ ऑथेंटिक लोकल फूड'.

रेनफॉरेस्ट! अरे, सातपुड्यात साग आहे, अंजन आहे, धावडा आहे. थंडी सरली की निम्मं जंगल खराट्यासारखं उभं असतं. त्याला हा रेनफॉरेस्ट म्हणतो. आणि बीच म्हणजे काय, तर यावलच्या वर डोंगरात एक धरण आहे, त्याचं पाणी मागे हटलं की उघडी पडते ती वाळू. तिथे याने चार रंगीत छत्र्या रोवल्या. झाला बीच!

धरणाचं नाव सांगणार नाही. लोक उगाच सेल्फी काढायला जातील.

मला जायचंच नव्हतं. पण रत्नाचा फोन आला. रत्ना म्हणजे प्रेमराजची बायको, माझ्या बायकोची धाकटी बहीण. एवढ्या माणसांचा स्वयंपाक ती एकटी करणार होती. म्हणाली, "दाजी, या वेळी तरी यांचं नीट होऊ द्या. हे खचले ना, तर मला बघवणार नाही." त्या पोरीचा जीव आहे त्या माणसावर. काय बघून आहे, देव जाणे. मी तिला शब्द दिला, बायकोला सोबत घेतलं आणि गाडी काढली.

सकाळी जंगलातून चालणं झालं. गाईड म्हणून अभिमन होता. हा भुसावळला शिकवणीचे क्लास घेतो, जंगलाशी संबंध एवढाच की डोक्यावर जळगावच्या फुले मार्केटमधली पानाफुलांच्या छापाची टोपी. पुण्याच्या पाहुण्यांनी एक झाड दाखवून विचारलं, हे कुठलं? हा म्हणाला, "औषधी." पुढचं झाड? "तेही औषधी." लोक माना डोलवत फोटो काढत होते. मला हसावं की रडावं कळेना.

दुपारी वाळूवर पंगत बसली. इथे मात्र मी तोंड उघडणार नाही, कारण स्वयंपाक रत्नाचा होता. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचून केलेलं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, शेवभाजी, सोबत कांद्याची हिरवीगार पात. केळीची पानं मांडलेली. अभिमन पाण्याचे जार आणायला गाडीकडे गेला होता, म्हणून प्रेमराजच्या शेजारचं त्याचं पान तेवढं रिकामं होतं.

पहिला घास घेणार, तोच प्रेमराज मोबाईल घेऊन उभा राहिला.

"मित्रांनो, आमच्या खान्देशात एकट्याने जेवत नाहीत! समोर कोणी दिसो न दिसो, आम्ही हाक मारतो!"

कपाळ माझं. हे कधीपासून? जेवताना कोणी दिसलं तर आपण 'या जेवायला' म्हणतो, तो 'बसा, चालू द्या' म्हणतो आणि पुढे जातो. रिकाम्या पाण्याला हाक मारायची पद्धत कुठल्या गावची?

पण साहेबांनी पलीकडच्या ओसाड काठाकडे तोंड केलं आणि ओरडले, "या होऽऽ! जेवाले या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग कळलं, रेकॉर्डिंग चालूच नव्हतं. म्हणून पुन्हा ओरडला. मग उन्हाची तिरीप येते म्हणून आणखी एकदा. मी बायकोला म्हणालो, "हा बावळट आज गावजेवण घालणार."

तो खाली बसला. आम्ही जेवायला लागलो.

एक कुत्रं सकाळपासून आमच्या मागे होतं. भाजीच्या वासाने पंगतीभोवती घोटाळत होतं. ते एकदम थबकलं… आणि शेपूट पोटात घालून झाडीत निघून गेलं.

मग पाण्याच्या कडेला आवाज आला…

कोणीतरी हातपाय धूत होतं.

लांबून चालून आलेलं माणूस जेवायला बसण्याआधी धुतं ना, तसं. आधी पायांवर पाणी. मग हात. मग चूळ भरून थुंकल्याचा आवाज.

मी मान वळवली. कडेला कोणी नव्हतं. पण तेवढ्याच जागेचं पाणी गढूळ झालं होतं.

शहरातल्या लोकांना वाटलं असेल, मासा असेल.

रत्ना वाढत वाढत पंगतीच्या त्या टोकाला गेली. वाकून वाढणाऱ्या बाईचं लक्ष पानाकडे असतं, तोंडाकडे नसतं. तिने प्रेमराजला वाढलं. शेजारच्या रिकाम्या पानावरही भरीत वाढलं, पुरी ठेवली आणि सवयीने विचारलं, "अजून थोडं?"

आणि ती तशीच थांबली…

हातातला डाव खाली गेला. तिने त्या पानावर आणखी भरीत वाढलं, आणि मागे मागे सरकत माझ्यापर्यंत आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दाजी," ती हळूच म्हणाली, "तिथे कोणीतरी 'हो' म्हणालं. बाईमाणूस आहे."

तेवढ्यात आम्ही सगळ्यांनी ऐकलं…

कर्रम. कर्रम.

कांद्याची पात कोणीतरी दाताने तोडून खात होतं. सावकाश. भूक लागलेलं माणूस चव घेऊन खातं तसं. आवाज प्रेमराजच्या अगदी शेजारून येत होता, आणि त्या पानापुढची वाळू मांडी घातल्यासारखी दबलेली होती.

एक बाई किंचाळली. मग जी पळापळ झाली, ती विचारू नका. पानं तुडवली, छत्र्या पाडल्या. आणि सगळ्यांत पुढे कोण होतं? यजमान! बायको मागे राहिली, चप्पल मागे राहिली, हा गाडीत जाऊन काचा वर करून बसला. ज्याने घसा फोडून बोलावलं, तोच पाहुणीला भरल्या पानावर सोडून पळाला. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त मला त्याची लाज वाटली.

त्या दिवसापासून प्रेमराजचं पोट भरेना.

अक्षरशः भरेना. सकाळी भाकरींची चळत संपवायचा आणि हात धुता धुता म्हणायचा, "रत्ना, भूक लागली." रात्रीचं उरलेलं खायचा, कच्चे दाणे खायचा. आणि तरी रोज वाळत गेला. गालफडं बसली. पॅन्ट दोरीने बांधायला लागला. जळगावच्या डॉक्टरांनी साखर तपासली, थायरॉईड तपासला, पोटात दुर्बीण घालून पाहिलं. काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. वा! एवढं सांगायला एवढं शिकले.

मीही म्हणत होतो, नाटकं आहेत. मग एकदा त्यांच्याकडे गेलो आणि त्याच्यासोबत जेवायला बसलो.

त्याच्या ताटात पात नव्हती. घरातही नव्हती.

तरी त्याच्या शेजारून आवाज येत होता… कर्रम. कर्रम.

प्रेमराज खाली मान घालून रडत रडत जेवत होता. "साडूभाऊ, मी घास गिळतो ना, तो माझ्या पोटात पोचतच नाही," म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाची कीव आली.

रत्ना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "तिला अर्धपोटी सोडून आलो आपण. बोलावलेल्या माणसाला कोणी असं सोडतं का? चला, तिचं जेवण पुरं करू. नाहीतर हे जायचे."

मी वाद घातला नाही. माझ्याकडे तरी दुसरं काय होतं?

माघातल्या एका दुपारी आम्ही तिघे त्याच वाळूवर गेलो. छत्र्यांच्या काड्या अजून पडल्या होत्या. रत्नाने जाळ केला, वांगी भाजली, भरीत ठेचलं. दोनच पानं मांडली. प्रेमराजला बसवलं आणि बजावलं, "ती उठेपर्यंत तुम्ही उठायचं नाही. मेलात तरी नाही."

त्याने पलीकडे बघून हाक मारली.

"या… जेवाले या."

कडेला पाणी वाजलं…

मग ती दुपार सरेपर्यंत रत्ना वाढत होती. त्या पानावर वाढलेलं संपताना दिसायचं नाही, पण नजर हलली की पान रिकामं. भरीत संपत आलं, पुऱ्या संपत आल्या. प्रेमराजची चड्डी ओली झाली होती, पण तो बसून राहिला. हे एक मात्र त्याच्या नावावर लिहावं लागेल. रत्ना दर वेळी वाकून विचारायची, "अजून थोडं?"

शेवटी तिने विचारलं आणि कुणीच काही म्हणालं नाही.

पाण्याच्या कडेला हात धुतल्याचा आवाज आला.

आणि प्रेमराजने मोठा ढेकर दिला. पोटावर हात ठेवला, आमच्याकडे पाहिलं आणि लहान लेकरासारखा हसला. "भरलं! रत्ना, पोट भरलं माझं!"

रत्ना ओक्साबोक्शी रडली. मीही डोळे पुसले. सामान गाडीत भरताना ती एकटीच वाळूवर मागे राहिली होती. मी पाहिलं, तर तिने हात जोडले होते आणि ती हसून म्हणत होती…

"हो हो. येऊ ना. नक्की येऊ."

गाडीत मी विचारलं, "कोणाला म्हणालीस?"

"पाहुणी जाताना म्हणाली, आता तुम्ही या आमच्याकडे जेवायला." ती सहज बोलून गेली. "मग काय, नाही म्हणायचं?"

आपण सगळेच असं म्हणतो. येऊ म्हणतो आणि जात नाही. कोणी मनावर घेत नाही.

प्रेमराज महिनाभरात गुबगुबीत झाला. आणि निर्लज्ज इतका, की टूर पुन्हा सुरू केल्या. आता जाहिरातीत 'गूढ पाहुणीचा बीच' असं लिहितो. पुण्यामुंबईची येडी जास्त पैसे भरून येतात आणि पाण्याला हाका मारतात. अजून कोणी आलेलं नाही. मला वाटतं, तिला आता भूक नसेल.

पण रत्ना कमी जेवायला लागली.

आधी रात्रीचं सोडलं. मग सकाळची भाकरी अर्धी झाली. आजारी दिसत नाही, तोंडावर उलट तेज आहे. माझ्या बायकोने खोदून विचारलं, तर म्हणाली, "ताई, जेवायला जायचंय ना. पोटात जागा ठेवते."

"अगं कुठे जायचंय?"

"बोलावणं येईल की."

प्रेमराजला हे सांगितलं. तो म्हणाला, "डाएट करत असेल." हा माणूस! जिने त्याला मरणाच्या पानावरून उठवून आणलं, तिच्या ताटाकडे बघायला याला सवड नाही.

म्हणून परवा आम्ही रत्नाला पाचोऱ्याला घेऊन आलो. दोन दिवस बरी होती, गप्पा मारत होती. आज दुपारी बायकोने ताट वाढलं. रत्नाने ताटाला नमस्कार केला आणि अलगद बाजूला सरकवलं.

"माझं वाढू नको ताई. आज बोलावलंय."

मी दुकान बंद करून घरी आलो आहे. दाराला आतून कुलूप घातलं आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. प्रेमराजला फोन लावला, तर म्हणाला, "साडूभाऊ, पंगत बसलीय, नंतर बोलू." मी त्याला जी शिवी दिली ती इथे लिहिता येणार नाही.

रत्ना पुढच्या खोलीत बसली आहे. तिने वेणी घातली, कुंकू लावलं, बायकोची चांगली साडी मागून नेसली. कोणाच्या घरी पहिल्यांदाच जायचं असलं की बायका बसतात, तशी सावरून बसली आहे. माझी बायको तिचा हात धरून बसली आहे आणि रडते आहे, आणि रत्ना उलट तिचीच समजूत घालते आहे.

आत्ता तिने मला विचारलं, "दाजी, मोकळ्या हाताने कसं जायचं? घरात थोडी साखर असेल का?"