पावणेपाच फूट

"मला भुईवर घे रे, अनिल."

सावळीकाकूचा, अनिलच्या आईचा, तो आवाज मी धसई गावात त्यांच्या ओटीवर खिडकीची चौकट तासताना ऐकला होता. त्र्याण्णव साल. रंधा थांबवला, पुन्हा चालवला. माणूस जायला आला की आमच्याकडे त्याला खाटेवरून उतरवून सारवल्या भुईवर घेतात. वाटलं, घेतील. दोन दिवसांनी अनिल म्हणाला, "आई झोपेतच गेली. कळलंच नाय." मी चौकट उचलून बसवायला घेतली.

अकरा वर्षांनी त्याच घरात सागवानी फळ्या बसवायला गेलो. अनिलची लेक भूमिका पहिल्या बाळंतपणाला येणार होती आणि माजघराच्या भुईला ओल धरायची.

"चार दिवसांत झालं पायजे, सोमा. बाळाला गारठा नको."

"होईल. तू फक्त चहात साखर टाकायला विसरू नको."

पहिल्या दिवशी पट्ट्या टाकल्या, पाणसळ धरून पातळी बघितली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फळ्या ठोकल्या. अनिल मुरबाडला मुक्कामाला गेला. कुलूप मी लावलं, किल्ली माझ्या कमरेला.

सकाळी मधल्या तीन फळ्या भिंतीला टेकून उभ्या. खिळे शेजारी ओळीनं मांडलेले, एकही वाकडा नाही. उपसलेला खिळा असा सरळ राहत नाही. फळ्या मोजल्या, सहा फूट. उघडी जागा मोजली, पावणेपाच. पुन्हा मोजली. तेवढीच.

आत भुई ताजी सारवलेली होती, ओल्या शेणावर बोटांच्या चंद्रकोरी. गोठा तर सहा वर्षं रिकामा.

"कोण आलेलं रे?" अनिल मुरबाडहून परतल्यावर मी विचारलं.

"कोण येनार? किल्ली तुझ्याकडं." अनिल त्या जागेकडे बघत नव्हता.

"पावणेपाच फूट भरतंय," मी म्हणालो.

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. काकू बुटकी होती, पावणेपाचच भरली असती. या घराच्या चौकटीखालून जाताना तिला कधी वाकावं लागलं नव्हतं.

त्या दिवशी खिळ्यांऐवजी स्क्रू पिळले. तिसऱ्या सकाळी स्क्रूही ओळीनं मांडलेले.

आणि दुपारच्या एसटीनं भूमिका एक दिवस आधीच उतरली. फळीवर टाच आपटून हसली. "सोमाकाका, घर बांधताव का होडी?" दमली होती. मी तिची खाट त्या उघड्या जागेपासून लांब, भिंतीकडे सरकवली. ती लगेच झोपली.

आम्ही दोघं ओटीवर बसलो. ऊन अंगणात पसरलेलं. कुठं पान हलत नव्हतं.

"मला भुईवर घे रे, अनिल."

आवाज आतून आला होता. लेक बापाला नावानं हाक मारत नाही.

आम्ही आत धावलो.

खाट मधोमध आली होती, त्या जागेच्या काठाला. भूमिकाचे डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. एक हात पोटावर. दुसरा खाली लोंबत होता, आणि त्याची बोटं भुईवर चंद्रकोरी काढत होती. सावकाश. सराईत.

या पोरीनं जन्मात सारवलं नव्हतं.

"उठव तिला," मी म्हणालो.

अनिल गुडघ्यांवर बसला. पण लेकीला हात लावेना. तो भुईशी बोलत होता.

"दोन दिस मागत होतीस तू, आई. मी जागाच होतो. भुईवर घेतली की जाशील, म्हनून नाय घेतली. खाटेवरच जाऊ दिली तुला."

"हूं," भूमिका झोपेतच म्हणाली. गोष्ट ऐकणारं माणूस म्हणतं तसं.

बोटं थांबली नाहीत. आता ती खाटेखाली, फळ्यांवरच, भूमिकासाठी नवी जागा सारवत होती.