अंबाळ्याच्या काठी धुतलेली चाकं

"लेकरांनी मध्ये राहायचं! पुढे मी, मागे गोविंदा! एकही पोरगं रस्त्यावर एकटं पडता कामा नये!"

इंदोरा चौकात दूधवाल्यांशिवाय कोणी उठलेलं नव्हतं, तरी बाबारावांचं भाषण सुरू होतं. भाषणासाठी त्यांना श्रोते लागत नसत, विजेचा खांबही चालायचा. अंगातल्या पिवळ्याधमक टी-शर्टवर 'श्रीराम पायडल यात्रा मंडळ, अध्यक्ष' असं छापलेलं होतं. त्यातला 'अध्यक्ष' पोटावर असा ताणला गेला होता की वाचायला माणसाला या बगलेपासून त्या बगलेपर्यंत चालत जावं लागलं असतं.

"हे पोट पुढं असलं म्हणजे आपल्याले वारा लागणार नाही," प्रशिक पिंकीच्या कानात कुजबुजला.

"पोट पुढं राहीनच. माणूस राहते का, ते पाह्य!" पिंकी म्हणाली.

बाबारावांबद्दल पिंकीचं मत फार वाईट होतं, आणि त्याला कारण होतं. दरवर्षी त्रिपुरी पौर्णिमेला हे मंडळ नागपूरहून सायकलने रामटेकला जायचं. गडाच्या पायऱ्या जिथून सुरू होतात त्या अंबाळा तलावाशी सगळे थांबायचे. जो नागपूरपासून पायडल मारत तिथे पहिला पोहोचेल, त्याने संध्याकाळी मंडळाचा पहिला दिवा गडावर न्यायचा, असा नियम. हा नियम आणि हे मंडळ, दोन्ही पिंकीच्या आबाजींनी, म्हणजे धोंडबांनी सुरू केलं होतं. आबाजींचे गुडघे थकले, बाकीचे एसटीने जाऊ लागले, सायकलीवर बाबाराव आणि सचिव गोविंदाच उरले, आणि तेव्हापासून दिवा दरवर्षी बाबारावांच्याच हाती जायचा. दिव्यापेक्षा त्यांचा फोटोच मोठा निघायचा!

यंदा आबाजींची जुनी, काळी, दांडीची सायकल पिंकीने बाहेर काढली होती. "आबाजी, यंदा दिवा आपल्या घरी," असं ती बोलून बसली होती. आबाजींनी लगेच वाती वळल्या होत्या आणि ते त्या घेऊन एसटीने आदल्या दिवशीच रामटेकला जाऊन बसले होते. आता शब्द मोडायची सोय नव्हती!

सोबत तिचा धाकटा भाऊ पिंटू होता. त्याचं नाक कुत्र्यापेक्षा तीव्र आणि भूक हत्तीपेक्षा थोडी जास्त. आणि शेजारचा प्रशिक. "दिव्याचं तुमचं तुम्ही पाहा," तो म्हणाला होता, "मले सायकल चालवाची हाय. आमच्या घरचे दीक्षाभूमीले पायी जातात, मी तर चाकावर हाओ!"

"जय श्रीराम! निघा!" बाबाराव गरजले.

कामठीपर्यंत सगळं ठीक होतं. कामठीला बाबाराव घामाने थबथबून थांबले. "तुम्ही पाणी प्या रे. मी आणि गोविंदा जरा रस्ता तपासून येतो."

"रस्ता? तो तर समोरच हाय!" पिंटू म्हणाला.

पण अध्यक्ष आणि सचिव एका गल्लीत शिरले ते शिरलेच. मुलांनी पाणी प्यायलं, चिवडा खाल्ला, पिंटूने प्रशिकचाही खाल्ला. गल्लीतून एक गाय आली, एक कुल्फीवाला आला, बाबाराव काही आले नाहीत!

"पळाले!" पिंकी म्हणाली. "मोठ्या माणसाइची वाट पाहून राहिलो तर दिवाळी पुढची येईन. चला बे!"

"पण हायवेवर आपण एकटेच?" पिंटूचा आवाज बारीक झाला.

"एका मागे एक, कडेकडेनं. तू मध्ये. मी पुढं, प्रशिक मागं. अध्यक्ष होणं लई सोपं काम हाय, समजलं?"

कन्हानला कोळशाचे ट्रक लागले. धूळ उडू नये म्हणून टँकरने रस्त्यावर पाणी मारलं होतं. त्याने धूळ उडाली नाही, तिचा काजळासारखा चिखल झाला! तो चाकांना चिकटला, मडगार्डच्या पोटात भरला, पाठीवर उडाला. नदीचा पूल ओलांडून पलीकडे पोहोचेस्तोवर पिंटूचे फक्त दात ओळखू येत होते.

तेवढ्यात बाजूने एक टेम्पो गेला. लग्नाला गाद्या-तंबू भाड्याने देणाऱ्या बिछायतवाल्याचा. वर निळी ताडपत्री घट्ट बांधलेली. पुढे गतिरोधक आला, टेम्पो उडाला आणि ताडपत्रीखालून आवाज आला.

ट्रिंग! ट्रिंग!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"गाद्याइले घंटी काहून लावली गा?" प्रशिक म्हणाला.

पिंटूने नाक वर केलं. तळलेल्या कोथिंबिरीचा वास आला होता. "सांबारवडी! गरम! कढीसोबत!"

"गाद्या सांबारवडी खातात वाटते!"

दुसरा गतिरोधक आला. ट्रिंग! आणि त्यामागून, "अगं आई गं! हळू चालव ना, बावळटा!"

तो आवाज विजेच्या खांबानेही ओळखला असता! टेम्पो मनसरच्या दिशेने दिसेनासा झाला. पिंकीचे कान लालबुंद झाले. इतक्या वर्षांचे ते दिवे, ते हार, ते फोटो... सगळे ताडपत्रीखालचे! आबाजी गुडघे चोळत टाळ्या वाजवत राहिले आणि हा माणूस गाद्यांवर लोळत देवाला भेटायला जायचा!

"आता पोहोचून त्याइले सर्व्यांसमोर खोटं म्हणू!" प्रशिक म्हणाला.

"ऐकणार कोण? ते अध्यक्ष, आपण लेकरं. ते हसतीन आन् आपल्याले चॉकलेट देतीन."

"चॉकलेट देतीन तर..." पिंटू म्हणाला.

"चूप बस!"

पिंकी विचार करत पायडल मारू लागली. मनसरचं वळण आलं, घाम डोळ्यात गेला. रामटेकचा गड दिसायला लागला तेव्हा ती एकदम हसली. "प्रशिक, पिंटू! अंबाळ्यावर कोणी सायकल पुसायची नाही. एक थेंबही नाही!"

"काहून वं?"

"पाहशीन!"

अंबाळ्याच्या घाटावर बाबाराव पायरीवर बसले होते. पावडर लावलेले, हार घातलेले, गुलाबासारखे टवटवीत! चाळीसेक किलोमीटर पायडल मारून आलेला माणूस असा दिसत असेल तर लग्नाच्या नवरदेवांनी सायकलीच चालवाव्यात. शेजारी गोविंदा मोबाईलवर चित्रण करत होता. मंडळाच्या शोभाताई दिव्याचं ताट घेऊन उभ्या होत्या. आणि कडेला, काठी टेकून, आबाजी.

"आलात का रे पोरांनो?" बाबाराव म्हणाले. "आम्ही कधीचेच पोहोचलो! वय झालं, पण भक्तीची ताकद! चला शोभाताई, आणा दिवा."

आबाजींनी पिंकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पण पिंकी गोड आवाजात म्हणाली, "बाबारावकाका, दिव्याच्या आधी चाकं नाही धुवायची?"

"कोणती चाकं?"

"आबाजींच्या वेळी पहिला दिवा द्यायच्या आधी परातीत सायकलची चाकं धुवायचे. रस्त्याची धूळ इथेच ठेवून मग गड चढायचा. जुनी परंपरा हाय!"

हे खरं होतं. मंडळाने हा प्रकार वेळ जातो म्हणून बंद केला होता. पण 'परंपरा' म्हटलं की बाबारावांचं भान सुटायचं, आणि समोर तर कॅमेरा चालू होता!

"अरे वा! परंपरा! ही मुलं आपली संस्कृती जपताहेत! गोविंदा, जवळून घे. परात आणा!"

गोविंदाने मोबाईलआडून डोळे वटारून पाहिले, खोकला काढून पाहिला. छे! अध्यक्ष परंपरेत बुडालेले.

"आधी लेकरांची," बाबाराव उदारपणे म्हणाले. "मग माझी. शेवटीच थाट शोभतो!"

पिंकीने आबाजींची सायकल उचलून चाक परातीवर धरलं. प्रशिकने तांब्याने पाणी ओतलं. परात काळी! मडगार्डमधून कोळशाच्या चिखलाचे लोंदे थपाथप पडले. परात रिकामी केली. प्रशिकचं चाक आलं, परात काळी. पिंटूचं चाक आलं, तीही काळी, वर चिवड्यातला एक दाणाही निघाला.

"कन्हानची धूळ," आबाजी हळूच म्हणाले. "ती कोणाले सोडत नाही."

मग बाबारावांचं चाक आलं. पाणी ओतलं. परातीच्या तळाशी कोरलेलं शोभाताईंच्या सासूबाईंचं नाव स्वच्छ वाचता आलं! वर फक्त गादीतला कापूस तरंगत होता.

घाटावर कुजबुज सुरू झाली.

"मी... मी धूळ चुकवत चालवतो!" बाबाराव म्हणाले.

"पूर्ण कन्हान चुकवलं?" प्रशिकने विचारलं.

"वरच्या वर! सवयीने जमतं!"

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. निळ्या ताडपत्रीचा टेम्पो घाटाशी आला आणि त्या भल्या ड्रायव्हरने मुंडकं बाहेर काढून विचारलं, "अध्यक्षजी, सायकली आत्ताच चढवू, का नेहमीसारख्या जेवण झाल्यावर? आन् सांबारवडीचा डबा गादीतच राहिला तुमचा!"

घाट असा हसला की तलावातल्या मासोळ्या वर आल्या! गोविंदाचं चित्रण अजून चालूच होतं. बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

आबाजी मात्र हसले नाहीत. काठी टेकत पुढे आले. "बाबाराव, दिवा घेतला तुम्ही, फोटो काढले, त्याचं मी काही म्हणत नाही. पण लेकरांच्या पुढं अन् मागं राहतो म्हणाले होते ना? ट्रकाइच्या हायवेवर त्याइले एकटं सोडून तुम्ही गादीवर झोपले! एखादं चाक घसरलं असतं तर कोणती परात पुरली असती?"

बाबाराव पोटावरचा 'अध्यक्ष' हाराने झाकू लागले. शोभाताईंनी त्यांच्या गळ्यातला हार सरळ काढला आणि दिव्याचं ताट पिंकीपुढे धरलं. "घे बाळा. पोरांना जपत आणणारी तूच."

"एकटी नाही. आम्ही तिघं," पिंकी म्हणाली.

त्या संध्याकाळी दिवा पिंकीच्या हातात होता, वारा लागू नये म्हणून प्रशिकने दोन्ही तळवे धरले होते, आणि पिंटूने तेलाची बाटली. पायऱ्यांशी आबाजी थांबले. त्यांना वर चढवेना. त्यांनी पिंकीच्या काळ्या हातावर आपला हात ठेवला. "पिंके, माझ्या चाकाले एवढं काळं पाणी कधी आलं नव्हतं वं. तू माझ्याहून पक्की!"

दुसऱ्या दिवशी परतीसाठी मंडळाने एकमताने ठरवलं: टेम्पोत लेकरं बसतील, सायकलीवर अध्यक्ष आणि सचिव, आणि मागून शोभाताई स्कूटरवर नजर ठेवून! ताडपत्री वर सारून, आपल्या सायकली शेजारी आडव्या टाकून तिघं गाद्यांवर ऐसपैस बसले. उरलेली सांबारवडी पिंटूने ताब्यात घेतली. मागे, कन्हानच्या पुलावर, पिवळा टी-शर्ट काळा होत होता.

"बाबारावकाका!" पिंटू तोंडात वडी ठेवूनच ओरडला. "धूळ चुकवा!"

टेम्पो गतिरोधकावरून उडाला. ट्रिंग!