वाढत्या अंगाचं

पानगळ सुरू झाली की शाळेतून आयांसाठी एक कागद येतो: सुट्टीच्या दिवशी मुलांसोबत काय काय करावं. डोंगर चढा, पक्षी मोजा, सायकलवर नदीपर्यंत जा. मी शिवणकाम करते. आठवड्याचे सहा दिवस मशीन आणि मी, दोघंही कुरकुरत असतो. रविवारी डोंगर चढायचा तर डोंगरानंच खाली यावं. म्हणून मी सरळ कागदाच्या तळाशी गेले. तिथे लिहिलं होतं, मुलाला पानांवर झोपवा आणि त्याच्याभोवती पानांची रेघ काढा. झोपायचं तिनं, बसल्या बसल्या पानं लावायची मी. अंगाला तोशीस नाही.

ती म्हणजे माझी मुलगी. वय अकरा. घरातलं नाव टाचणी, कारण अंगानं एवढीशी आणि बोलायला टोचरी. दीड वर्षात ती सूतभरही वाढली नव्हती. शाळेच्या रांगेत कायम सगळ्यांच्या पुढे. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, वाट बघा. मी तिचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायची, शिवणीत जादा कापडाची भरपूर माया ठेवून, पण ती उसवायची वेळच येत नव्हती. वरचं कापड विटून जायचं आणि आतली माया कोरीच राहायची. ते कोरं कापड बघून मला रडू यायचं. तिच्यासमोर नाही.

घराजवळच्या बागेत भिंतीलगत एक कोपरा आहे, तिथे वारा पोचत नाही. ती उताणी झोपली. मी लाल पानं निवडून टाचेपासून लावत वर गेले.

"नाक खाजतंय."

"खाजू दे. हललीस तर बेडूक होशील."

"आई, मी अकराची आहे. बेडूक वगैरे काय गं!"

ती उठली. खाली रेघ राहिली, छोटीशी. तिनं एकदाच तिकडे बघितलं आणि गुपचूप बूट घातले.

पुढच्या रविवारी रेघ तिथेच होती, पानं तशीच ताजी लाल. टाचणी हसत हसत आत जाऊन झोपली, तर डोक्याशी इंचभर जागा उरली.

"कुणीतरी वाढत्या अंगाचं करून ठेवलंय!" ती म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो.

गुरुवारी तिची पँट आखूड झाली. मी टेप लावला. तीनदा लावला. बरोबर इंचभर. माझा जीव भांड्यात पडला आणि मी मशीनवर बसून गाणं म्हणत पँट उसवली.

मग दर रविवारी रेघ इंचभर पुढे असायची आणि गुरुवारपर्यंत टाचणी ती भरून काढायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हटलं होतं ना, वाट बघा." सुंठेवाचून खोकला गेला होता. फक्त बाग झाडणारे काका एकदा जवळ येऊन थांबले.

"बाई, तो कोपरा मी रोज झाडतो."

"मग?"

"रोज झाडतो," ते पुन्हा म्हणाले आणि हातगाडी दुसऱ्या वाटेनं घेऊन गेले.

सहाव्या रविवारी रेघ वाढलेली नव्हती. टाचणी आत झोपली ती काठोकाठ.

"संपलं वाटतं," ती म्हणाली. वर्गातल्या मुली अजून तिच्यापेक्षा वीतभर उंच होत्या. ती उठून बसली आणि म्हणाली, "आई, आज तू झोप."

झोपायला मी कधी नाही म्हणत नाही. ती जीभ दातात धरून माझ्याभोवती पानं लावत राहिली. ऊन कोवळं होतं. इतक्या सुखात मी दोन वर्षांत नव्हते.

पुढच्या रविवारी तिची रेघ इंचभर मोठी होती.

शेजारची माझी, इंचभर लहान.

तिनं दोन्हींकडे बघितलं. मग माझ्याकडे. या वेळी ती हसली नाही.

"मोडू?" तिनं पाय उचलून विचारलं.

मी तिचा पाय धरला.

"झोप तू," मी म्हटलं, आणि शेजारी आडवी झाले. गुडघे जरा दुमडावे लागले, एवढंच.

आता झाडं ओकीबोकी झाली आहेत. टाचणी रांगेत शेवटून तिसरी उभी राहते आणि चालताना माझ्या खांद्यावर हात टाकते. गिऱ्हाइकं म्हणतात, बाई, वाळलात. मी म्हणते, हो, मुलीच्या मागे धावून धावून. आम्ही दोघी खूप हसतो.

काल माझ्या शिवणाच्या दुकानात गेले तर कापडं बेतायच्या टेबलाशी नवं स्टूल होतं. टाचणीनं सुताराकडून करून आणलं होतं, मला न विचारता. चांगलं भक्कम आहे. त्याला तीन पायऱ्या आहेत. सध्या मला एकच लागते.