चहाच्या रंगाचं पाणी

वाटीच्या काठावर चमचा टेकला. किण्ण!

एवढाच आवाज. पण दुपारचं घर इतकं गप्प होतं, की दीपाच्या हातातलं शिवण थांबलं. तिने मान वर केली. पायलने वरणभाताची वाटी पुढे सरकवून दिली होती आणि दोन्ही हात फ्रॉकखाली लपवले होते.

"काय झालं वं बाळा?"

"मी नाई खात."

"काहून?"

"माह्या हातानं मरते."

पाच वर्षांची पोर. कालपासून ती दीपाने भरवलेले घासच काय ते खात होती. आज तेही नको झाले होते.

कोपऱ्यातल्या लहानशा काचपेटीत पाणी होतं, गोटे होते, हिरवी पाणवनस्पती होती. पंप बंद होता. मासे नव्हते.

परवा दीपा आईला बघायला उमरखेडला गेली होती. एक रात्र राहून काल एसटीने नेरला परतली, तर नवरा इंद्रजित दारातच उभा. "सगळ्या मासोळ्या मेल्या," तो म्हणाला. "पोरीनं दाण्याचा अर्धा डबा उलटा केला." मासे त्याने जास्वंदीखाली पुरूनही टाकले होते. जेवायला बसल्यावर त्याने ठेचा बाजूला सारला. तोंड आलं आहे म्हणाला. दीपाने लेकीला जवळ घेतलं, "चुकते कधीकधी" म्हणून थोपटलं, आणि विषय तिथेच सोडला.

ती चूक झाली, हे तिला आत्ता त्या वाटीकडे बघताना कळलं. मासे तर गेलेच होते. आता पोरगी हातची जाऊ पाहत होती.

ती उठली आणि पेटीपाशी गेली.

माशांनी तिला एकदा चांगलंच शिकवलं होतं. पहिल्यांदा पेटी आणि मासे एकाच दिवशी आणले, कौतुकाने भरभरून दाणे टाकले. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालं आणि मासे रोज एकेक करून उलटे होत गेले. मग मोबाइलवर बघून, दुकानदाराला विचारून तिला उमजलं, की नवं पाणी कच्चं असतं. लोणच्यासारखं ते मुरावं लागतं. माशांची घाण खाणारे डोळ्यांना न दिसणारे जीव पंपाच्या स्पंजात वस्ती करतात, तेव्हा कुठे ती पेटी माशांच्या राहण्याजोगी होते. दुसऱ्या खेपेला तिने रिकामी पेटीच कित्येक आठवडे चालवली. सासू सत्यशीलाबाई हसायच्या, "बिनामासोळीची चाकरी करून राह्यली माय!"

मग गप्पी आल्या. त्यांतली एक पोटुशी होती. पायल रोज काचेला नाक लावून विचारायची, "आज पिलं होतीन?"

दीपाने दाण्याचा डबा उघडला.

डबा गळ्यापर्यंत भरलेला होता.

मग तिने पंपाचा स्पंज बाहेर काढला. तो मातकट, बुळबुळीत असायला हवा होता. हातात आला तो पिवळाधमक, नव्यासारखा. पाण्याला ब्लीचिंगचा वास होता, थेट नळाच्या ड्रममधल्या पाण्याचा. आणि स्पंजाच्या एका भोकात लालसर, टणक असा एक बारीक तुकडा अडकला होता. गोटा नव्हता तो. तिने तो पदराच्या टोकात बांधून ठेवला.

कुणीतरी पेटी घासूनपुसून धुतली होती. कशासाठी?

सत्यशीलाबाई अंगणात तूर निवडत होत्या. पेटी त्यांना पहिल्यापासून डोळ्यात खुपायची. नळ येतो कधीमधी, आणि सून मासोळ्यांना पाणी पाजते! त्यात फिनेलची बाटली त्यांच्याच खाटेखाली असायची.

"आई, पेटीत तुम्ही काही टाकलं का?"

"मी?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "माह्यावर शक घेतं काय वं? मी त्या डबक्याले बोट लावत नाही."

"पाणी कोणं बदललं मंग?"

"इंद्रजितनं. काल सकाळीच. बादल्या भरभरून जास्वंदीत फेकल्या. मी म्हटलं, अरे एवढं पाणी वाया कायले घालवतं?"

"कसं होतं ते पाणी? पांढरं?"

"पांढरं कायचं? फिक्क्या काळ्या चहासारखं होतं."

दीपाच्या मनाला काहीतरी चाटून गेलं. "तुम्हाले नक्की आठवते?"

"मले म्हातारी समजतं काय? अन् माह्या पोराची तपासणी करायची गरज नाही. डाक्टरनं तंबाखूनं तोंड उघडत नाही म्हटलं, त्या दिवशी खर्रा सोडला त्यानं. विहारात, साऱ्या लोकांपुढं, पायलच्या डोक्यावर हात ठेऊन. तो कायले खोटं बोलन?"

दीपा आत आली आणि लेकीजवळ बसली.

"पायल, तू दाणे किती टाकले व्हते?"

पायलने बोटांची चिमूट दाखवली. "तू दाखवलते तेवढेच. रात्री."

"अन् सकाळी?"

"सकाळी मासोळ्या वर येऊन तोंड उघडत व्हत्या. पप्पानं हात घालून पाण्यातून काहीतरी काढलं. मले म्हणे, बाहेर जा. मंग म्हणे, पायल, तू काय केलं हे?"

"काय काढलं?"

"नाई दिसलं."

आता एकच जागा उरली होती. पेटीच्या झाकणाला मागच्या बाजूला एक खाच होती. पेटी आणली त्या दिवशीच इंद्रजितने बजावलं होतं, तिथे कुणी हात घालायचा नाही, झाकणातल्या दिव्याची वायर उघडी आहे, शॉक बसेल. तो गावभर वायरिंगची कामं करायचा. वायरीच्या बाबतीत त्याच्या शब्दापुढे घरात कोण बोलणार?

दीपाने दिव्याची पिन काढली आणि झाकण उलटं केलं.

वायर धडधाकट होती. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. खाचेच्या तोंडाशी एक बारीकसं रबर अडकलं होतं.

तिने ते बोटावर घेतलं आणि पदराची गाठ सोडून त्या लालसर तुकड्याशेजारी धरलं.

संध्याकाळी इंद्रजित आला. हातपाय धुऊन बसला. दीपाने चहाऐवजी त्याच्यापुढे एक ताटली ठेवली. ताटलीत दाण्याचा डबा, तो लालसर तुकडा आणि रबर. सत्यशीलाबाई दाराशी येऊन टेकल्या. पायलला तिने शेजारी पुष्पाकडे पाठवलं होतं.

"हे काय नवीन?" इंद्रजित हसला.

"पायलनं डबा किती रिकामा केला म्हटलं तुम्ही?"

"अर्धा. सांगतलं ना."

तिने झाकण काढलं. त्याने डब्यात पाहिलं आणि हसू मावळलं.

"मंग थोडे टाकले असतीन. मी काय मोजत बसलो?"

"पाणी कोणत्या रंगाचं झालतं?"

"पांढरं. खराब झालतं म्हणून तर बदललं."

"चहासारखं व्हतं," दारातून सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि लगेच त्यांनी ओठ मिटले.

"दाणे जास्त झाले का पाणी दुधाळते," दीपा म्हणाली. आवाज तिने मोठ्या कष्टाने खाली ठेवला होता. "मासोळ्या एकेक करून जातेत. हे मी माह्या हातानं एकदा करून पाह्यलं. या वेळी एका रातीत साऱ्या गेल्या अन् पाणी चहासारखं झालं. वायरमनच्या घरात उघडी वायर कशी राह्यली, हे मले पहिल्याच दिवशी इचाराले पाहिजे व्हतं. वायर उघडी नव्हतीच. त्या खाचेत तुमची प्लास्टिकची पन्नी राहे. घोटलेल्या खर्र्याची. आई तिथं हात लावत नाही, मी लावत नाही, पोरगी भेते. घरात याच्याहून चांगली जागा नाही."

इंद्रजित ताटलीकडे बघत राहिला.

"मी उमरखेडले गेली त्या दिवशी पन्नी आत सरकली. रबर खाचेत अडकून निघालं, पन्नी सुटली. तंबाखू, चुना, सुपारी, रातभर सारं मासोळ्यांच्या पाण्यात. सकाळी तुम्ही पन्नी काढली, पोरीले बाहेर काढलं, पाणी फेकलं, स्पंज घासला. सुपारीचा हा एक तुकडा तेवढा राह्यला."

त्याने तो तुकडा बोटाने ताटलीच्या कडेला सरकवला.

"सुटत नाही वं दीपा," तो शेवटी म्हणाला. "लय कोशिश केली. विहारातून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्या राती पोरगी मांगून आली, मी घाईत ठेवली. वाटलं नीट ठेवली."

"मंग तिचं नाव कायले घेतलं?"

"तोंडातून निघून गेलं. ती समोर उभी व्हती, डबा तिथंच व्हता. लहान आहे, मले वाटलं, दोन दिवसांत भुलून जाईन."

"ती जेवत नाही, हे दिसत नव्हतं तुम्हाले?"

त्याने डब्याचं झाकण उचलून परत लावलं.

सत्यशीलाबाई मटकन खाली बसल्या. "माह्या तोंडानं मी साऱ्या मोहल्ल्यात सांगत राह्यली रे, खर्रा सोडला म्हणून," त्या पुटपुटल्या.

"खर्रा खाल्ला, हे मी एखाद्या दिवशी गिळलं असतं," दीपा म्हणाली. "उद्या तुमच्यासंगं दवाखान्यातबी येईन. पण ज्या डोक्यावर हात ठेऊन शपथ घेतली, त्याच डोक्यावर खापर फोडलं तुम्ही. ते मले गिळता येत नाही." तिने ताटली उचलली. "तिले आता तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं."

इंद्रजित उठला. दारापर्यंत गेला. पुष्पाच्या ओट्यावर पायल बसलेली दिसत होती, हात अजून फ्रॉकखालीच. तो उंबऱ्यात थांबला, एकदा खाकरला, आणि परत वळून मोरीकडे निघून गेला. बादलीत नळाची धार पडत राहिली.

मग दीपाच गेली. लेकीला कडेवर घेऊन घरी आणलं आणि काचपेटीपाशी, जिथे ती रोज नाक लावून बसायची, तिथेच मांडीवर घेऊन बसली.

"ऐक माय. मासोळ्या तू नाही मारल्या. तू चिमूटभरच दाणे टाकले, बरोब्बर टाकले. पाण्यात पप्पाचा खर्रा पडला. त्यानं मेल्या."

पायलने हळूच एक हात बाहेर काढला, मग दुसरा. उलटसुलट करून पाहिले.

"माह्या हातानं नाही?"

"नाही."

"पप्पाले माहीत व्हतं?"

"हो."

पायलने मोरीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग आईच्या तोंडाकडे.

"मंग पप्पानं माह्यं नाव काहून सांगतलं?"