तिसरी बैठक

माझ्या गप्पांत निम्मा मसाला असतो, हे अख्ख्या जालन्याला ठाऊक आहे. ही गोष्ट मात्र बिनमसाल्याची, म्हणून हळू सांगतो.

त्या दुपारी मी रखमाजीच्या घरी गेलो, तो त्याचं इंजिन तांबटाकडे पोचवायला. रखमाजी माझा जुना मित्र, हयात असताना कापसाच्या जिनिंगमध्ये बॉयलरवर कामाला. निजामाच्या रेल्वेचं बघून आम्ही दोघांनी कैक वर्षं खपून गुडघ्याएवढं इंजिन केलं होतं. खरा कोळसा, खरी वाफ. मागं उघडा डबा, त्यावर स्प्रिंगच्या तीन बैठका: पुढची त्याची, मधली त्याच्या बायकोची, म्हणजे द्वारकावहिनींची, शेवटची माझी. परसातल्या लिंबांभोवती रूळ.

वहिनींना मात्र त्यानं कधी बसवलं नाही. "वाफ गळते अजून. पक्कं झाल्यावर बसवीन," म्हणायचा. पक्कं व्हायच्या आत तापानं गेला. आता वहिनींना ते डोळ्यांसमोर नको होतं. तांब्याचा बंब करून घेणार होत्या.

"भाऊजी, मोडायच्या आधी एक चक्कर मारून आणा मला," त्या म्हणाल्या. "गळक्या वाफेतबी बसले असते की मी. काय बिघडत होतं?"

पाणी भरलं, कोळसा पेटवला. तेलाचा नि ओल्या वाफेचा वास परसात भरला. मी पुढं बसलो, वहिनी मधे. वाफेचा दांडा ओढला. इंजिन नुसतं धापा टाकत राहिलं. चाकं जागची हलेनात.

"खाणं कमी करा भाऊजी," वहिनी हसल्या. मग एकदम पुढच्या बैठकीकडं बघितलं. "भाऊजी... ती जागा तुमची न्हाई. उतरा."

मी दांडा मागं ढकलून वाफ बंद केली नि उतरलो.

इंजिन निघालं. बेताबेतानं, रखमाजी काढायचा तसं. पुढच्या बैठकीवर कुणी नव्हतं, पण ती खाली दबलेली होती. लिंबाआड जाताना वहिनींचा हात पुढं होता, कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा... हवेत.

चक्कर पुरी झाली आणि इंजिन निघालं होतं तिथंच थांबलं.

"अजून एक..." वहिनी पुटपुटल्या.

पण विस्तव विझला होता. त्यांच्या तळव्याला तेलकट काजळी लागली होती. ती त्यांनी किती तरी वेळ धुतली नाही.

इंजिनाचं तांबं तांबटाकडे गेलं. डबा मी घरी आणला. पुढची बैठक तेव्हापासून दबलेलीच आहे. गेल्या चैत्रात वहिनी गेल्या, त्या दुपारी मधली दबली.

तिसरी मी रोज तळव्यानं दाबून बघतो. अजून वर येते.

काल जरा सावकाश आली.