चारशे ऐंशी व्होल्टची माळ

४८० व्होल्ट

एकशे साठ दिवे, एकाच माळेत. प्रत्येकाचे तीन व्होल्ट. चंद्रावरच्या शेतभुयारात, गव्हाच्या वाफ्यांवर, दर पाच मीटरला एक.

सहा महिन्यांपूर्वी या माळेसाठी प्रवाहनियंत्रक निवडायचा होता. टेबलावर दोन नमुने होते. पहिला कडक: एका दिव्याइतका विद्युतदाब घसरला तरी माळ बंद करायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून बघायचा. दुसरा सोशिक: दाब कितीही घसरो, प्रवाह तेवढाच ठेवायचा आणि दाबाचा आकडा दाखवत राहायचा.

अभियंता शाल्मली गवाणकरने कडक निवडला. कारण खोपकरकाका. दिव्यांची देखभाल त्यांच्याकडे. रोज सकाळी ते माळेच्या शेवटच्या टोकापासून निघत आणि प्रत्येक दिव्याच्या दोन पायांवर क्षणभर चिमटा लावत. तेवढाच दिवा विझे, बाकीचे जळत राहत.

"चालू माळेला हात लावता? मराल एखाद्या दिवशी, काका."

"अगं, नाडी बघतो दिव्यांची. तुझ्या यंत्राला येते का बघता?"

कडक नियंत्रक बसला. चिमटा लागला की सगळीच माळ बंद. काकांची फेरी थांबली.

० व्होल्ट

आज भुयाराचं छत कोसळलं. संदेशाची तार तुटली. माळेची तार पोलादी नळीतून जात होती, म्हणून वाचली.

"सहा तासांत एकतीस वेळा तुटली तुझी माळ," वसाहतप्रमुख मोकाशी म्हणाले.

"तुटली नाही, सर. तुटली असती तर पुन्हा लागलीच नसती. नियंत्रकाने बंद केली."

"दगडाखाली तार चेपत असेल."

"चेपलेली तार आपोआप बरी होत नाही. दर वेळी सुरू होताना पूर्ण चारशे ऐंशी. मग तीन व्होल्ट जातात. नेमके तीन, एका दिव्याचे."

मोकाशी खुर्चीत बसले. "आत खोपकर आणि आणखी दोघं आहेत, मला माहीत आहे. पण छताच्या फटींतून आपली हवा चाललीय. चाळीस मिनिटांत भुयाराच्या तोंडाशी फेस भरायचं ठरलंय, आणि तो घट्ट झाला की फुटत नाही. राखीव हवेवर अकरा तास उघडं ठेवता येईल. खणयंत्र तासाला तीन मीटर जातं. आपल्या बाजूला अठ्ठावन्न दिवे दिसतात, पुढे ढिगारा. किती जाड? वीस मीटर? दोनशे? सांग मला."

शाल्मली स्क्रीनवरच्या त्या एकतीस नोंदी बघत राहिली. एकतीस वेळा कोणीतरी चिमटा लावला होता, आणि प्रत्येक वेळी तिच्या यंत्राने त्यांना दहा मिनिटं काळोखात बसवलं होतं. तरी बत्तिसाव्यांदा लावतीलच. काकांचा हट्ट तिला ठाऊक होता.

"दहा मिनिटं द्या."

तिने खण उघडला. नाकारलेला नमुना तिथेच होता.

४७७

सोशिक नियंत्रक चालू झाला. आकडा उतरला. माळ जळत राहिली.

४७४

"दुसरा चिमटा," शाल्मली म्हणाली.

४७१

मोकाशी उठून उभे राहिले. "तिघंही?"

"तिघंही. आता मी उत्तर देते. प्रवाह आपल्या हातात, दाब त्यांच्या." तिने प्रवाह निम्म्यावर आणला. आतले दिवे मंदावले असणार. पुन्हा पूर्ण केला. पुन्हा निम्मा, पुन्हा पूर्ण.

आकडा चारशे ऐंशीवर गेला. चिमटे निघाले.

"बोलायचे थांबले?"

"थांबा हो, सर!"

४७७. ४८०. ४७७. ४८०. ४७७.

संथ. पाच मीटर चालून जायला लागावा तेवढा वेळ, मग एक झटका.

"हे काय चाललंय?"

"फेरी," ती म्हणाली. "शेवटच्या टोकापासून निघालेत. मोजा."

मोकाशी बोटाने टेबलावर ठोके देत मोजू लागले. चाळीस. सत्तर. फेस भरणाऱ्यांनी दोनदा विचारलं. दोनदा त्यांनी नुसता हात वर केला. सत्त्याण्णवला आकडा थांबला.

"सत्त्याण्णव दिवे त्यांच्या बाजूला," शाल्मली म्हणाली. "म्हणजे त्यांचा पहिला दिवा चौसष्टावा. आपला शेवटचा अठ्ठावन्नावा. मधे सहा अंतरं."

"तीस मीटर."

"त्याहून जास्त नाही."

"दहा तास," मोकाशी म्हणाले, आणि माईक ओढला. "फेस थांबवा. खणयंत्र आत घ्या. हो, आत्ता!"

शाल्मलीने प्रवाह एकदा निम्मा करून पूर्ववत केला. कळलं, काका.

४७७

आकडा उतरला आणि या वेळी वर आलाच नाही.

"बिघाड?" मोकाशींनी विचारलं.

"नाही. चौसष्टाव्या दिव्यावर चिमटा तसाच ठेवलाय. ढिगाऱ्यापाशी येऊन बसलेत."